राईवरून गेलेली ताटली

दहाव्याला कावळा लगेच शिवला. धरणाच्या कडेला, पाण्यापासून थोडं वर, दगडावर पान ठेवलं, थोरले भावजी हात जोडून मागे सरकले आणि आम्ही सगळे लांब जाऊन उभे राहिलो. पुढं काय होतं ते आपल्याकडं कुणाला सांगायला नको. कावळे झाडावर बसून राहतात, पानाकडं ढुंकूनही बघत नाहीत. मग घरची माणसं एकेक करून पुढं होतात, जमीन विकणार नाही, म्हाताऱ्याला अंतर देणार नाही, अशी वचनं देतात... गेलेल्याची राहिलेली इच्छा नेमकी कुणीतरी बोललं की मगच तो पक्षी खाली उतरतो. माझं वचन तयार होतं. अक्कांची इच्छा कशात अडकली असणार हे तिथं जमलेल्यांत फक्त मला ठाऊक होतं, आणि ते चारचौघांत कोणत्या तोंडानं बोलायचं याचीच धास्ती होती. "अक्का, सातवी टोपली तुमच्यासाठी मी एका फेकीत मारीन," असं दहाव्याला ओरडणारी बाई लोकांनी वेड्यातच काढली असती. मी पदर सावरला, घसा खाकरला, आणि तेवढ्यात एक कावळा आला न् भाताचा घास उचलून गेलासुद्धा. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला मात्र रागच आला. इतकी वर्षं जिच्यासाठी जीव टाकला ती सातवी टोपली या बाईनं इतक्या सहज सोडून दिली?

सुमनअक्का माझी थोरली जाऊ. माझ्या नवऱ्याची नोकरी नगरला, म्हणून आम्ही केडगावात राहिलो. अक्का आणि भावजी भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, गावच्या घरी. भाताची खाचरं, बांधावर हिरड्याची झाडं, मागं चढत गेलेलं स्वतःचं रान, आणि अलीकडं पर्यटकांसाठी काढलेल्या दोन खोल्या. जावाजावांचं पटत नाही म्हणतात. आमचंही सुरुवातीला काही फार पटत नसे. दिवाळीत मी गावी गेले की भांड्याला भांडं लागायचंच. त्यांना माझं शहरी बोलणं टोचायचं आणि मला त्यांचं गप्प राहणं. पुढं ताटल्या घेऊन आम्ही दोघी रानात हिंडू असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर आम्ही दोघी मिळून त्याला हसलो असतो.

झालं असं, की त्यातल्या एका खोलीत एक पाहुणे येऊन राहिले. मध्यमवयीन, एकटे, पावसाच्या अखेरीला आले आणि चांगला महिनाभर टेकले. त्यांना डिस्क गोल्फचा नाद. हा खेळ मीही तोवर ऐकला नव्हता. एक लोखंडी खांब, त्याच्या वरच्या कड्यापासून लोंबणाऱ्या साखळ्या आणि साखळ्यांखाली जाळीची टोपली. लांबून चपटी तबकडी फेकायची, ती साखळ्यांवर आदळून टोपलीत पडली पाहिजे, आणि जितक्या कमी फेकींत पडेल तितकं चांगलं. एवढाच खेळ. पाहुण्यांनी घरामागच्या रानात एक टोपली उभी केली, अक्कांना फेकायला शिकवलं आणि जाताना टोपली न् एक पिवळी तबकडी तिथंच ठेवून गेले. अक्का तिला ताटली म्हणायच्या, म्हणून मग सगळं गावच ताटली म्हणू लागलं. गोठा तेव्हा रिकामा झाला होता. दावणीच्या साखळ्या भिंतीला तशाच लोंबत होत्या. अक्कांनी त्या काढल्या, राजूरला नेऊन कडी जोडून आणली आणि आणखी आठ टोपल्या रानात उभ्या केल्या. पहिले काही दिवस साखळी वाजली की भावजी दुपारच्या झोपेतून उठून ओरडायचे, "बैल सुटला का गं?" आणि वरून झाडीतून अक्कांचं हसू ऐकू यायचं. त्या मोठ्यानं हसतात हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी तेव्हा कळलं.

मला वाटलं, हा खेळ तर माझाच. शाळेत मी थाळीफेकीत जिल्ह्यापर्यंत गेलेली. पदर खोचला, गिरकी घेतली आणि सगळा जोर लावून फेकली. समोरच्या पहिल्याच आंब्यावर ती अशी आदळली की परत माझ्याच पायाशी आली. दुसरी फेक, दुसरं झाड. अक्का एका दगडावर बसून शांतपणे बघत होत्या. "तू झाडाकडं बघतीस," त्या म्हणाल्या, "म्हनून झाडालाच लागतं. फटीकडं बघ की." मी म्हटलं, अहो अक्का, इथं फट आहे कुठं? त्यावर त्यांनी नुसतं मनगट हलवलं. ताटली दोन खोडांमधून गेली, फांदीखालून वाकली, मला न दिसलेल्या मोकळ्या जागेत वळली आणि कुठंतरी खळ्ळकन साखळी वाजली. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते रान दिसलं. तोवर तिथं नुसती झाडं होती. त्यांच्यामधून इतक्या वाटा जातात, काही बुटक्या, काही उंच, काही अगदी दाराएवढ्या, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सातवी टोपली मात्र सगळ्यांहून वेगळी. फेकायचं एका सपाट कातळावरून. समोर एक जांभूळ आणि एक हिरडा, दोघांमध्ये दाराएवढी फट. फटीच्या पुढं कारवीची दाट झुडपं, आणि टोपली त्या कारवीच्या पलीकडं, उजव्या अंगाला, कातळावरून न दिसणारी. डाव्या अंगाला देवीची राई. त्या राईकडं आम्ही सगळेच भिऊन बघतो. आतली फांदी कुणी तोडत नाही, वाळलेली काटकीसुद्धा कुणी उचलत नाही, आणि जे आत पडलं ते देवीचं. आमच्या सासऱ्यांचा फेटा एकदा वाऱ्यानं उडून आत गेला, तर ते बोडक्यानंच घरी आले होते. ती जागा त्या पाहुण्यांनी जाण्याआधी दाखवून ठेवली होती, पण अक्का तिथं टोपली लावू लागल्या तेव्हा गावातल्या जाणत्यांनी हरकत घेतली. अक्का स्वतः जाऊन राईच्या म्हाताऱ्या पुजाऱ्यांना विचारून आल्या. ते म्हणाले, "वरनं पाखरं जात्यात, ढग जात्यात. तुजी ताटली गेली तर देवी काय म्हनत न्हाई. पन खाली आली तर तिची. मागायला यायचं न्हाई." एवढ्या अटीवर सातवी राहिली. माझी एक ताटली आत गेली तेव्हा मी सवयीनं आणायला निघाले होते. अक्कांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दोन दिवस दुखत होतं.

शहाणी माणसं सातवी उजवीकडून खेळतात. ओढ्याच्या बाजूनं एक लहान फेक, मग दुसरी, फार तर तिसरी. मीही तशीच खेळते. अक्कांना ते पटायचं नाही. त्यांच्या मते खरी वाट एकच होती. फटीतून निघायचं, डावीकडं राईच्या शेंड्यांवरून जायचं, आणि जोर सरता सरता उजवीकडं उतरून टोपलीत यायचं. देवीच्या डोक्यावरून जायचं आणि देवीकडं राहायचं मात्र नाही. एका फेकीत. धरणाच्या पाण्यावर चपट्या दगडानं भाकऱ्या काढतो ना, तशी कोपर अंगाशी धरून मनगटानं मारायची फेक. माझ्या मुलानं मागवून दिलेल्या कितीतरी ताटल्या त्यांनी या नादात राईला वाहिल्या. नव्या ताटल्या ताठ असतात, डावीकडं जायलाच मागत नाहीत, कारवीवर आदळतात. जबरदस्तीनं डावीकडं मारल्या तर परत येत नाहीत. जाऊन परत येण्याइतकी मऊ झालेली एकच ताटली होती, ती पाहुण्यांची पिवळी. वर्षानुवर्षं झाडांना आपटून तिच्या कडा झिजल्या होत्या, रंग हळदीचा होऊन गेला होता. आणि नेमकी तीच अक्का सातवीवर कधी काढत नसत. गेली तर गेलीच, मागायला जायचं नाही. "हिच्यावानी दुसरी कुठनं आनू?" एवढंच त्या म्हणायच्या. म्हणजे जिच्यानं ती फेक जमली असती ती हातात असूनही त्या फेकत नव्हत्या. मी खूप चेष्टा करायची, की अक्का, ठेवणीतलं लुगडं पेटीत कुजतंय. त्या ऐकून घ्यायच्या आणि पिवळी पुसून पिशवीत ठेवायच्या.

मग पोटाचं दुखणं निघालं. उपचारांसाठी त्या नगरला आल्या आणि बरेच महिने केडगावात आमच्याकडं राहिल्या. पहिल्यांदाच आम्ही दोघी एका छपराखाली इतके दिवस राहिलो आणि नवल म्हणजे एकदाही भांड्याला भांडं लागलं नाही. त्या गॅलरीत खुर्चीवर बसायच्या, मांडीवर पिवळी. खाली पुण्याचा रस्ता, ट्रक, उसाच्या ट्रॉल्या, टेम्पो यांची अखंड रांग. एकदा चहा घेऊन गेले तर त्या रस्त्याकडं टक लावून पुटपुटत होत्या, "आता जाईल... आता न्हाई... आता जाईल." मला कळायला थोडा वेळ लागला. त्या ट्रकांमधल्या फटी बघत होत्या! अंगात उठायचं बळ नव्हतं, तोंडाची चव गेली होती, केस गेले होते, आणि ही बाई दोन ट्रॉल्यांच्या मधून ताटली कशी जाईल याचा हिशेब करत बसली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. पण दुःखानं रडले असं म्हणवत नाही. कशानं तेही नीट सांगता येत नाही.

पुढं डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितलं आणि त्या गावी गेल्या. माघ चालू होता. मी सोबतीला गेले होते. एका सकाळी ऊन जरा चढल्यावर त्या म्हणाल्या, "नीता, चल. आज नुसती सातवी." भावजी नको म्हणाले, मीही नको म्हणाले, आणि आमचं दोघांचं कुणी ऐकलं नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून, चार पावलं चालून थांबत, त्या कातळापर्यंत आल्या. पिशवीतून पिवळी काढली. मी म्हटलं, अहो अक्का, ही कशाला? गेली तर? त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. त्या फटीकडं बघत होत्या.

ती फेक मी विसरणार नाही. जोर असा नव्हताच, त्या हातात राहिला होता कुठं? नुसतं मनगट. पिवळी फटीतून अलगद निघाली, दोन्ही खोडांना न शिवता, आणि डावीकडं झुकत वर वर गेली. राईच्या शेंड्यांवर पोचली तेव्हा तिच्यावर ऊन पडलं आणि क्षणभर ती जागच्या जागी थांबल्यासारखी वाटली... मग तिनं कूस बदलली. उजवीकडं वळली! मी ओरडलेच. वळून, उतरत, कारवीच्या आड गेली. आम्ही दोघी श्वास धरून साखळीची वाट बघत राहिलो. साखळी वाजली नाही. पण पडल्याचाही आवाज आला नाही. त्या दिवसांत रानात पाचोळा इतका वाळलेला असतो की सरडा पळाला तरी खडखडतं. मी धावत गेले. टोपली रिकामी. खाली नाही, कारवीत नाही, ओढ्याकडं नाही. राईच्या कडेला उभी राहून नजर पोचेल तिथवर आत बघितलं. पिवळं काहीच दिसलं नाही.

परत येऊन मी म्हटलं, "अक्का, राईतच गेली असणार." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या कातळावर बसल्या होत्या, धाप लागली होती, आणि तोंडभर हसत होत्या.

"पडल्याचा आवाज आला का तुला?"

"नाही आला."

"मलाबी न्हाई आला. मंग पडली कशावरनं म्हनतीस?"

त्या राईकडं बघत होत्या. "चालली आसंल आजून," त्या म्हणाल्या, आणि उठवायला माझ्याकडं हात केला. "चल, भूक लागलीया." त्या दिवशी त्यांनी कितीतरी दिवसांनी ताटभर नाही तरी वाटीभर भात मागून खाल्ला. फाल्गुनात त्या गेल्या. भावजींचा फोन आला तेव्हा मी केडगावच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते, आणि खुर्ची तिथंच होती.

कावळा का थांबला नाही, याचा राग आता निवळलाय. बाई मोकळ्या हातानं गेली, त्यात त्या पक्ष्याचा काय दोष? गेल्या आठवड्यात गावी गेले होते. भावजी हल्ली दुपारी झोपत नाहीत, ओट्यावर कान देऊन बसतात. मी माझी निळी ताटली घेतली आणि पहिल्या सहा टोपल्यांना हात न लावता थेट सातवीच्या कातळावर गेले. उजवीकडं ओढ्याच्या बाजूला बघितलंच नाही. कोपर अंगाशी धरलं, फटीकडं बघितलं आणि मनगट हलवलं. आयुष्यात पहिल्यांदा माझी ताटली त्या दोन खोडांमधून न लागता गेली! राईवर गेली, थोडी डगमगली, आणि सरळ आत उतरली. पाचोळ्यात पडल्याचा आवाज अगदी स्वच्छ ऐकू आला. देवीची झाली ती. मी हात जोडले आणि तरीही तिथंच उभी राहिले, बराच वेळ, कान देऊन. अक्कांच्या ताटलीचा अजून आलेला नाही.