खालचं पोतं

परवा हुडकेश्वर भागातल्या एका दुकानात तागाच्या पोत्यांचा वास आला आणि माझे पाय आपोआप मागे सरले.

वीस वर्षांपूर्वी मी गोदामात सुपरवायझर होतो. गाडी खोळंबली होती आणि हवं ते पोतं थप्पीच्या तळाशी होतं. “वरची उतरवत बसू नका, खालचंच ओढा,” मी म्हणालो.

“काहून घाई करता साहेब, थप्पी अंगावर येईन,” म्हातारे हमाल गणपतभाऊ म्हणाले. तरी त्यांनी वाकून पोत्याचे कान धरले आणि ते ओढलं.

माझ्या मनगटावर धुळीची बारीक धार पडली. वर पाहिलं, तर दोन पुरुष उंच थप्पी आवाज न करता आमच्यावर झुकत होती. गणपतभाऊंनी मला ढकललं आणि स्वतः मागे उडी मारली. पोती आमच्या पायांशी कोसळली.

तेव्हा थप्पीची भीती वाटली. आता माझ्या आवाजाची वाटते. त्यांना सगळं ठाऊक होतं, तरी ते वाकले, कारण सांगणारा मी होतो.