बीट्रिस आंटीचा गिअर

बीट्रिस आंटीला गाडी चालवता येत नाही. लायसन्स नाही, स्टिअरिंगला तिने कधी बोटही लावलेलं नाही. तरी प्रभादेवीच्या आमच्या गल्लीतली जुनी मर्सिडीज कित्येक वर्षं अर्धी तिनेच चालवली.

गाडी मुळात सेठची. आंटीचा नवरा, गॅब्रिएल अंकल, त्यांचे ड्रायव्हर. सेठ कायमचे परदेशी गेले तेव्हा गाडी अंकलच्या नावावर करून गेले. एवढी साहेबी गाडी, पण गिअर हाताने टाकायचे. पुढे अंकलचा डावा खांदा आखडला, हात गिअरपर्यंत जाईना. डॉक्टर म्हणाले, गाडी विका. आंटी म्हणाली, "त्याचं काय जातंय बोलायला?" आणि पुढच्या रविवारपासून शेजारी बसून तीच गिअर टाकायला लागली. अंकल क्लच दाबणार, आंटी गिअर बदलणार. हे कुठल्या कायद्यात बसतं ते विचारू नका.

सुरुवातीला अंकल ओरडायचे, "सेकंड! अगं, सेकंड!" नंतर बोलायची गरजच उरली नाही. घरात दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. माशात मीठ कमी पडलं तरी गल्लीला कळायचं. पण चर्चला निघाले की मेतकूट! अंकलचा गुडघा जरासा हलला की आंटीचा हात पुढे. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू? माझी बायको दीपिका आणि मी एका छत्रीत धड चालू शकत नाही.

गेल्या वर्षी अंकल गेले. त्यांच्या मुलाने, डॅनीने, मोठी ऑटोमॅटिक गाडी घेतली. तिला क्लचच नाही, गिअर आपोआप पडतात. आईला तो हौसेने पुढे बसवतो. ती उतरली की म्हणते, "छान आहे रे. पण तिथे माझं काय काम?" मला विचाराल तर या गाड्या माणसाला सामानासारखं नेतात.

मग मर्सिडीजला गिऱ्हाईक मिळालं. ते गाडी न्यायला येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी आंटी माझ्या दारात उभी. चर्चला घालायचा फ्रॉक घातलेला.

"अजित, डॅनी क्लच विसरलाय. तुला येतो ना अजून? मला एकदा फिरव. गिअर मी टाकणार. एकदाच रे, गॅबीबरोबर जायची तसं."

मी गाडी काढली. फर्स्ट पडला, ती हसली. सेकंडला मी क्लच दाबायच्या आतच तिने दांडा ओढला. खर्रर्र! पुढच्या वेळी मी लवकर दाबला, तर ती थांबूनच राहिली. असे डचके खात डिलाईल रोडपर्यंत आलो.

"आंटी," मी म्हटलं, "मी 'टाक' म्हणतो, तेव्हाच टाक."

मी "टाक" म्हणालो, तिने टाकला. बरोबर पडला. पुन्हा म्हणालो, पुन्हा बरोबर. गाडी न अडखळता चालायला लागली. मी खूश. बघतो तर आंटीने हात काढून घेतलेला.

"का गं? जमतंय की."

"जमतंय रे," ती म्हणाली. "पण तुझा पाय मला कळत नाही. गॅबीचा कळायचा. तूच टाक."

तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. घरी येईपर्यंत सगळे गिअर मीच टाकले.