दोनच नमुने

धुळ्यातल्या एका डीटीपीच्या दुकानात मी लग्नपत्रिका टाईप करायचे. सुरुवातीला गिऱ्हाईक शेजारी स्टूल ओढून बसायचं आणि अक्षर मोठं करा, मामांना वर घ्या, म्हणत डोकं खायचं. त्या गोंधळात एकदा वारलेल्या आजोबांचं नाव निमंत्रकांत छापून गेलं. मग शेठनी एक पक्का नमुना करवून घेतला. वर गणपती, खाली ठरलेला मजकूर, आम्ही फक्त नावं भरायची. बाकी सगळ्याला पासवर्ड, आणि तो एकट्या शेठना ठाऊक. मला तर सुटल्यासारखं वाटलं.

मग माझंच लग्न ठरलं. आम्ही बौद्ध. पत्रिकेवर 'नमो बुद्धाय' असावं, एवढं एकच मागणं वडिलांचं होतं. शेठ म्हणाले, "पत्रिका माझ्याकडून भेट. पण नमुना उघडणार नाही. तुला उघडला की उद्या सगळे मागतील." त्यांचं खोटं नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला.

वडील दुकानात आले. छापखान्यात जाणारा बटर पेपरचा प्रिंट त्यांनी काचेवर ठेवला, ब्लेडने गणपती अलगद कापून काढला, मागून कोरा तुकडा चिकटवला आणि काळ्या शाईने 'नमो बुद्धाय' लिहिलं. 'द्धा' जरा कलला. तशीच पत्रिका छापली.

आमच्या वस्तीतले लोक ती पत्रिका घेऊन दुकानात येऊ लागले, अशीच पाहिजे म्हणत. धंदा कोणाला नको? शेठनी वडिलांचं अक्षर स्कॅन करून दुसरा नमुना केला आणि त्यालाही पासवर्ड घातला. पुढे वडील गेले. मी तिथेच कामाला होते. स्क्रीनवर तो कललेला 'द्धा' आला की माझे हात थांबायचे.

एकदा साक्रीकडच्या डोंगरातले एक आबा मुलीची पत्रिका करायला आले. त्यांना वर त्यांच्या डोंगऱ्या देवाचं नाव हवं होतं.

"दोनच नमुने आहेत, आबा. बदलता येत नाहीत," मी म्हणाले. माझ्या तोंडून शेठच बोलले. मला स्वतःची लाज वाटली.

आबांनी दुसऱ्या नमुन्यावर बोट ठेवलं. "हाई कोनी लिखेल शे?"

"माझ्या वडिलांनी. माझ्या लग्नात."

"मंग मनी पोरना लगनम्हा माले लिखू दे."

आबांना हाताने लिहिलेला तोच नमुना हवा होता. शेठ समोरून बघत होते. मी प्रिंट काढला, ब्लेड घेतलं आणि वडिलांचं अक्षर कापून काढलं. मग पेन आबांपुढे ठेवलं.