काजळाच्या डबीतला जेट

अन्वी अंगावर पिता पिता पेंगते आणि तिच्या श्वासाबरोबर ऋतुजाचेही डोळे जड होतात. भर दुपार आहे. मागच्या शेडमध्ये तिचा दीर, रणधीर, ग्राइंडर चालवतोय. तो आवाज लांब जातो, जवळ येतो, आणि पलंगाच्या पायथ्याशी बसून शीळ घालायला लागतो.

इंद्रजित बसलाय. तिचा नवरा. ओठांशी बोटं धरून फुंकतोय, पण बोटांत काही नाही. कार्बुरेटरमधून पेट्रोल सोडणाऱ्या इवल्याशा पितळी जेटला तो स्वतः भोक पाडायचा आणि असं फुंकून, शिट्टीवरून माप ओळखायचा.

"जेट कुठंय?"

"मला काय माहीत."

तिनंच लपवलाय, काजळाच्या डबीत. ज्या गाडीनं याला नेलं, तीच गाडी रणधीरला पुन्हा शर्यतीत पळवायचीय, आणि असला जेट बाजारात मिळत नाही.

पलंग आता शेडमध्ये आहे. बॉनेट उघडं.

"कार्बुरेटर मोठा घातला ते बरोबर होतं," इंद्रजित म्हणतो. "टॉर्क कन्व्हर्टर जुना ठेवला, तिथं गंडलो. इंजिनाचे फेरे वर चढायच्या आधीच तो त्याला गिअरबॉक्सला जुंपायचा. मग मी ब्रेक दाबून रेस दिली, आणि…"

"माहितेय. मी बघत होते."

शेडची फरशी धावपट्टी होत जाते. पांढऱ्या रेघेवर पाळणा उभा आहे.

"भावजींनी नवा कन्व्हर्टर आणलाय," ती घाईनं सांगते. "म्हणतात, आता काही होत नाही. तुम्ही नको म्हणा ना त्यांना. तुमचं ऐकतील."

"उशिरा पकडणारा आणलाय?"

"हो."

"मग सुटंल बघ गोळीसारखी."

"तुम्हीपण हेच म्हणाला होता."

पाळण्यातून रडणं येतं. तो कान लावून ऐकतो.

"ही कुणाची?"

"तुमची. तेव्हा पोटात होती."

"उपाशी आहे. पेट्रोल कमी पडलं की इंजिन असंच खोकतं." तो हात पुढे करतो. बोटांची टोकं काळी आहेत. "आण."

"नाही देणार."

"बरं," तो म्हणतो. बरं म्हणायचा आणि मनातलंच करायचा, तसंच.

ग्राइंडर बंद झालाय. ऋतुजा डोळे उघडते. कपाटावर ठेवलेली डबी उशाशी उघडी पडलीय आणि अन्वीचे ओठ काळे आहेत. ऋतुजा तिच्या तोंडात बोट फिरवते. हिरड्या, लाळ, काही नाही. पण उजवी मूठ घट्ट मिटलेली.

"वहिनी," रणधीर दारात हात पुसत उभा आहे. "दादाचा जेट दिसला का ओ कुठं? नसंल तर असू दे. मीच भोक पाडतो एका जेटला, अंदाजानं."

अंदाजानं. भोक चुकलं, तर?

काकाला बघून अन्वी खुदकन हसते, हात पुढे करते आणि मूठ उघडते.