इटलीचा गवंडी

परवा मानकोलीच्या नाक्यावर स्कूटर पंक्चर झाली. दुकानदाराने ट्यूबला सोल्युशन लावलं आणि त्या वासासरशी मी वज्रेश्वरीच्या रस्त्यावरच्या एका जुन्या सकाळी जाऊन पोचले.

बाबा तरुणपणी सायकलच्या शर्यतींत उतरायचे. मला झोपवताना ते इटलीच्या एका जुन्या चॅम्पियनची गोष्ट सांगत. तो गवंडी होता, रोज मैलोन् मैल सायकल मारत कामाला जायचा आणि शेवटी देशातली मोठी शर्यत जिंकला. ती गोष्ट माझी होती.

त्या सकाळी बाबा शेजारच्या नीलिमाला शर्यतीसाठी तयार करत होते; मी त्यांच्या मागे कॅरियरवर बसले होते. वाटेत तिचं चाक बसलं. रस्त्याकडेला उकिडवं बसून ट्यूब घासता घासता त्यांनी तिला माझ्या गवंड्याची गोष्ट सांगायला घेतली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी आपली जुनी शर्यतीची सायकल तिला दिली, तेव्हाही मला इतकं लागलं नव्हतं.

"मग पुढं काय झालं त्याचं, काका?" नीलिमाने विचारलं.

"पुढं त्यानं सायकलींचा कारखाना काढला. त्याच्या सायकलींवर दुसरी पोरं जिंकायला लागली."

"हे मला कधी सांगितलं न्हाय!" मी ओरडले.

बाबा हसले. "तो जिंकला की तू झोपायचीस, बाय."

नीलिमा पुढे खरंच जिल्ह्यात पहिली आली. तिला तो गवंडी हवा होता आणि मला बाबांचा आवाज, हे आता कळतं. बाबा जाऊनही कितीतरी वर्षं झाली. पण पुरी गोष्ट त्यांनी पहिल्यांदा सांगितली ती तिला, हा हेवा काही जात नाही.