उभ्यानं पिऊन टाकलेलं जेवण

जुईनगरच्या आमच्या सोसायटीत समोरच्या दारात राहणारे शेजारी मूळचे साताऱ्याकडचे. महाप्याला एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. रिटायर व्हायच्या आदल्या वर्षी त्यांची बायको गेली. मुलगी लग्न होऊन पुण्याला. त्यामुळे घरात ते एकटेच. मला ते ‘भाऊ’ म्हणत आणि माझ्या बायकोला ‘वैनी’. आमची मैत्री म्हणाल तर जिन्यातली, लिफ्ट बंद पडली की एकत्र चढण्याची.

मी रिटायर झालो तेव्हा डॉक्टरांनी सोनोग्राफी बघून सांगितलं, की लिव्हरवर चरबी साठली आहे, वजन उतरवा. मी हे शेजाऱ्यांना बोललो, तर ते हसले. म्हणाले, “तुम्हाला उतरवायचंय, मला चढवायचंय. ही पँट बघा, पट्ट्याला नवीन भोक पाडून पाडून दमलो.” खरंच वाळले होते. मान शर्टाच्या कॉलरमध्ये हलायची. बायको गेल्यावर माणूस थोडा वाळतोच, असं समजून आम्ही कोणी तिकडे फार लक्ष दिलं नव्हतं.

मार्केटजवळ दुकानांच्या वरती एक जिम आहे. तिथे आम्ही दोघांनी नाव घातलं. सकाळची बॅच घेणारी ट्रेनर ही सानपाडा गावातली, पूर्वी कबड्डी खेळलेली, पस्तिशीची बाई. आमची वजनं घेऊन तिने मला सांगितलं, “काका, तुमी तेलकट, गोड कमी करा. सकाळी प्रोटीन घेतलं की पोट भरलेलं राहील, अरबट-चरबट खाणं सुटेल.” आणि शेजाऱ्यांना म्हणाली, “तुमी उलट. जेवण वाढवा, त्याच्यावर प्रोटीन घ्या, आणि मी सांगते तेवढं वजन उचला. उचलल्याशिवाय मसल येत नाय.”

आम्ही पावडरचे डबे आणले. मी व्हॅनिला, त्यांनी चॉकलेट. मला त्या पावडरीचा वास लहान मुलांच्या औषधासारखा वाटायचा. त्यांना मात्र ती आवडली. जिममधून आलो की जिन्यातच झाकणाची बाटली खळाखळा हलवत वर चढायचे.

महिन्याने वजनं झाली. माझं वाढलेलं निघालं. ट्रेनरने खोदून विचारलं तेव्हा कळलं, की मी पावडर साय असलेल्या दुधात केळं घालून घेत होतो, आणि नंतर पोहेही खात होतो. रात्रीचं जेवण होतं तेवढंच. ती कपाळाला हात लावून म्हणाली, “काका, पावडरीने वजन उतरत नाय. जेवण कमी केलं तर उतरतं. तुमी जेवणावर जेवण केलंत.” मी ओशाळलो. घरी बायकोला सांगितलं तर ती दोन दिवस हसत होती.

शेजाऱ्यांचं वजन वाढायच्या ऐवजी घटलं होतं. ट्रेनरने त्यांना दिवसातून दोनदा पावडर घ्यायला सांगितलं. “जेवताय ना नीट?” तिने विचारलं.

“हो तर. भाकरी, भाजी, वरण-भात. सगळं असतं.”

मीही तिथेच उभा होतो. मला त्यात खोटं काही वाटलं नाही.

पुढच्या महिन्यात मी पाण्यातून पावडर घ्यायला लागलो, पोहे सोडले, रात्री एकच पोळी. वजनाचा काटा हळूहळू खाली यायला लागला. त्यांचाही येत होता. सुरुवातीला जे डंबेल ते आरामात उचलत, ते आता दोन्ही हातांनी धरूनही वर जाईना. ते चिडायचे, पण स्वतःवरच. “वय झालं,” म्हणून परत प्रयत्न करायचे. एक दिवस चुकवत नव्हते. माझी टाळाटाळ चालायची तेव्हा तेच बेल वाजवून मला बाहेर काढायचे.

एका सकाळी उठाबशा काढताना त्यांचे डोळे फिरले आणि ते भिंतीला टेकत खाली बसले. ट्रेनरने पाणी दिलं. मी रिक्षा करून त्यांना घरी आणलं, सोफ्यावर निजवलं आणि साखरपाणी करायला त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो.

साखर मिळाली नाही. एका डब्यात तळाला चिकटून दगड झालेली होती. गॅसचा रेग्युलेटर काढून ओट्यावर ठेवलेला, त्याच्यावर धूळ. फ्रिजमध्ये दुधाच्या पिशव्या आणि वाळलेलं अर्धं लिंबू. कोपऱ्यात पावडरचे रिकामे डबे एकावर एक. सिंकमध्ये ताट नाही, वाटी नाही, फक्त त्या झाकणाच्या दोन बाटल्या. मी आमच्या घरून साखर आणली, पाणी करून दिलं, आणि ते पिऊन होईपर्यंत समोर बसून राहिलो.

“कधीपासून चाललंय हे?” मी विचारलं.

त्यांनी रिकामा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, “आधी बाहेरून आणत होतो भाऊ. मग ते पण नको वाटायला लागलं. हे बरं पडतं. भांडं लागत न्हाई.”

“अहो, पण जेवण ते जेवण.”

“जेवायला बसलं की समोर कोणीतरी लागतं. हे उभ्यानं पिऊन टाकता येतं.”

मी तो पेला आत नेऊन विसळला.

संध्याकाळी मी ट्रेनरला फोन केला. ती नेहमी हसून बोलणारी, पण या वेळी तिने सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, “काका, पोटात जेवण नसलं तर शरीर त्या पावडरीलाच इंधन म्हणून जाळतं. ते पुरलं नाय की अंगातलं मांस खातं. आणि मी त्यांना वजनं उचलायला लावत होते.” काही दिवस त्यांना जिमला आणू नका, असं तिनेच सांगितलं.

माझ्या बायकोने दुसऱ्या दिवसापासून त्यांना जेवायला बोलावलं. आधी नको नको म्हणाले, पण ती दारात उभीच राहिली, तेव्हा आले. रोज रात्री आमच्याकडे यायचे. खाली मान घालून जेवायचे, पण जेवायचे. मग हळूहळू बोलायलाही लागले. कारखान्यात बंद पडलेलं मशीन त्यांनी कसं चालू केलं, साहेब कसा फसला, असं. चेहऱ्यावर जरा तुकतुकी आली. मला वाटलं, सुटला प्रश्न.

एका रविवारी बायकोने अख्खा मसूर केला. त्यांच्या बायकोने तिला शिकवलेला, त्यांच्याकडच्या काळ्या मसाल्यातला. तिचा हेतू चांगला होता. सकाळपासून ती खूश होती, की आज त्यांना घरचं वाटेल. त्यांनी पहिला घास घेतला आणि हात ताटातच थांबला. ते पाणी प्यायले. परत एक घास घेतला. मग ताट तसंच ठेवून उठले.

“वैनी, चांगलं झालंय हो,” एवढं म्हणाले आणि चपला घालून गेले.

त्यानंतर ते आले नाहीत. मी दोनदा बोलवायला गेलो, तर दार थोडंसं उघडून “पोट बरं नाही” म्हणाले. बायको डबा द्यायला गेली, तर “आत्ताच झालं जेवण” म्हणून परत पाठवलं. तिने तो काळा मसाला बरणीतून काढून कुणाला तरी देऊन टाकला.  समोरच्या दारामागून त्या बाटलीचा खळखळ आवाज मात्र पुन्हा येऊ लागला.

शेवटी मी त्यांच्या मुलीला फोन केला. ती आली. वडिलांना बघून दारातच रडली. बापलेकीचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. तिने त्यांच्या रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या, आणि आठवड्याच्या आत त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. निघताना मी बॅग खाली घेऊन गेलो. गाडीत बसायच्या आधी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “तुम्ही तिला सांगायला नको होतं भाऊ. मी माझं बघत होतो.” आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी जिमला एकटा जात राहिलो. दिवाळीच्या सुमारास डॉक्टरांनी पुन्हा सोनोग्राफी केली आणि म्हणाले, लिव्हर सुधारलंय. हे ऐकल्यावर सगळ्यात आधी वाटलं, की समोरच्या दाराची बेल वाजवावी. तिथे आता ऐरोलीला नोकरी करणारी दोन मुलं भाड्याने राहतात.

यंदा भाच्याच्या लग्नाला पुण्याला गेलो तेव्हा वाकडी वाट करून त्यांना भेटून आलो. मुलीचं घर मोठं आहे, स्वच्छ आहे. त्यांचं वजन वाढलेलं दिसत होतं. गाल भरले होते, पोट सुटलं होतं. मुलगी म्हणाली, “नातू शेजारी बसतो म्हणून जेवतात. पावडर पूर्ण बंद केली.” मला खूप हलकं वाटलं.

“व्यायाम काय करता?” मी विचारलं.

“कुठला व्यायाम? इथं ओळखीचं कोण हाय?” ते म्हणाले. “गॅलरीत बसतो.”

चहा झाला. मी निघालो तसे ते मला दारापर्यंत सोडायला उठायला लागले. खुर्चीच्या हातांवर जोर दिला, अर्धे उठले आणि परत बसले. मुलगी आत होती. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. पुन्हा जोर लावला. दंड थरथरत होते. कातडी सैल लोंबत होती, तिच्या आत धरून ठेवायला काही उरलंच नव्हतं. तिसऱ्यांदा उठले, भिंत धरून दारापर्यंत आले आणि म्हणाले, “वैनींना सांगा, बरा हाय मी.”

घरी आल्यावर बायकोने आधी तेच विचारलं. मी सांगितलं, त्यांचं वजन वाढलंय. “बरं झालं बाई,” असं म्हणून ती कणीक मळायला लागली. बाकीचं मी तिला सांगितलं नाही.