राहुकाळातलं लॉगिन

राहुकाळ पाळणं ही गुलामगिरी आहे, असं पत्रक मी विशीतच काढलं होतं. तमिळमध्ये, कारण आमच्या राजवाड्यामागच्या गल्लीत मराठी बोलतात सगळे, वाचत कुणी नाही. तंजावुरात त्या पत्रकामुळे एकही लग्न पाच मिनिटं अलीकडे आलं नाही, ते सोडा.

मी तेव्हा एका खासगी कॉलेजच्या ऑफिसात कारकून होतो आणि युनियनचा पत्रकवाला. नव्या मालकांनी सगळी ऑफिसं एका नेटवर्कला जोडायची ठरवलं. हुकूम असा: शुक्रवारी एकच्या आत प्रत्येक टायपिस्टने आपल्या नव्या पासवर्डने आत शिरून एक यादी पाठवायची. जमणार नाही तिची बदली. आमच्या टायपिस्ट अक्का बावीस वर्षं त्या खुर्चीवर होत्या. घरी अंथरुणाला खिळलेली सासू. बदली म्हणजे नोकरी सोडणं, एवढं सरळ.

मुख्य ऑफिसचा इंजिनिअर सकाळी येऊन कॉम्प्युटर डोमेनला, म्हणजे त्या नेटवर्कला, जोडून पुढच्या ऑफिसला, पापनाशमच्या बसने गेला. पावणेअकराला मी म्हटलं, "अक्का, बसा."

"आत्ता? शुक्रवार आहे, तंबी. साडेदहा ते बारा राहुकाळ."

ऑफिसात कॉम्प्युटरचा कोर्स केलेला मी एकटा, त्यामुळे कॉम्प्युटरचा जुना पासवर्ड माझ्याकडे होता. त्याने आत गेलो, कॉम्प्युटरचं घड्याळ पुढे सरकवून बारा पाच केले, बाहेर पडलो आणि म्हणालो, "बघा, संपला तुमचा राहू."

अक्का हसल्या नाहीत. पण एकच्या मुदतीची भीती त्यांनाही होती. त्यांनी नवा पासवर्ड टाकला. नकार. पुन्हा नकार. मी कॅपिटल अक्षरांचं बटण तपासलं, मागची वायर उपटून पुन्हा खोचली. खालच्या चौकटीत डोमेनऐवजी 'हा कॉम्प्युटर' निवडून पाहिलं. त्याला तर अक्कांची ओळखच नव्हती. दर वेळी पडद्यावर इंग्रजीत काहीतरी यायचं, मी ओके दाबून ते उडवायचो.

मग मला सगळं लख्ख कळलं. हे कारस्थान होतं. बायकांना बाहेर काढायला मुद्दाम चुकीचे पासवर्ड दिले होते. 'यंत्राआडून वार' असा मथळा घालून अर्ध्या तासात पत्रक लिहिलं आणि कोपऱ्यावरून चाळीस झेरॉक्स काढून आणल्या. अक्का तेवढा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

परत येऊन पापनाशमला फोन लावला, भांडायलाच.

इंजिनिअर म्हणाला, "पडद्यावर काय लिहिलंय?"

"ते महत्त्वाचं नाही. प्रश्न धोरणाचा आहे."

"सार, वाचा तरी."

अक्कांनी पुन्हा पासवर्ड टाकला, मी वाचलं. तुमच्या आणि सर्व्हरच्या वेळेत फरक आहे, असं लिहिलं होतं. साध्या इंग्रजीत. तासभर. लोकांनी वाचायला शिकलं पाहिजे, असं मी दर पत्रकाच्या शेवटी लिहीत असे.

"घड्याळाला कुणी हात लावला?" त्याने विचारलं. मी फोन ठेवला.

घड्याळ सर्व्हरच्या वेळेला आणलं. अकरा बावन्न झाले होते.

"चला अक्का, टाका."

"आठ मिनिटं आहेत."

"एकला बदली आहे, अक्का."

"तुझ्या बारानं काय केलं ते पाहिलं. आता माझे बारा बघू."

राहुकाळाविरुद्धचा लेखक आठ मिनिटं खुर्चीत बसून राहू सरकायची वाट पाहत होता. मधे दोनदा मी स्वतःच म्हणालो, "अजून तीन... अजून दोन."

बारा वाजले. अक्कांनी एका बोटाने, अक्षर अक्षर म्हणत पासवर्ड टाकला आणि पहिल्या खेपेला आत गेल्या. साडेबाराला यादी गेली. त्यांची खुर्ची त्यांच्याच खाली राहिली.

झेरॉक्सची कोरी बाजू त्यांनी वाया जाऊ दिली नाही. महिनाभर मुलांच्या हजेरीची कच्ची टिपणं माझ्या मथळ्यामागे लिहिली जात होती.